तू वराडलास की पाणी येतंय

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी माझा पीसी परत बंद पडला. बंद पडला म्हणजे हँग नाही, निळी स्क्रीन नाही, चालता चालता फट्कन काळा, आणि दोन सेकंदांनी आपला आपण परत चालू. पंखे भर्रकन फिरले, शांत झाले, जसं काही झालंच नाही. मी हेडफोन काढून टेबलावर आपटला आणि नेहमीसारखा ओरडलो. काय ओरडलो ते इथं लिहीत नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरात बादली सरकवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ नळाचा. आत गेलो तर आई पदर खोचून नळाखाली कळशी लावून उभी. मी वैतागून म्हटलं, "बंद पडला गं परत." ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "कळलं की. तू वराडलास की पाणी येतंय."

मी पाणी प्यायला गेलो होतो, ते न पिताच परत आलो.

आता हे वाक्य तसं हसण्यावारी न्यायचं. पण मला त्या रात्री झोप आली नाही, कारण आठ महिने मी त्या डब्यातला दोष शोधत होतो. दसऱ्याला जोडलेला पीसी. त्याच्याआधी दोन वर्षं नुसती वाट बघण्यात गेलेली. 2021 साली ग्राफिक्स कार्डांचे भाव काय झाले होते ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, 29,500 ला जाहीर झालेलं आरटीएक्स 3060 दुकानात विचारलं तर दुप्पट, वर दुकानदार म्हणणार आज घ्या, उद्या हाही भाव नाही. थोडा माल टंचाईनं खाल्ला, थोडा या कार्डांवर इथेरियम हे डिजिटल नाणं खणणाऱ्यांनी. 2022 च्या सप्टेंबरात इथेरियमनं ते खणकामच बंद केलं आणि भाव हळूहळू माणसात आले. तोवर मी गोकुळ शिरगावच्या ऑफिसातनं रोज संध्याकाळी पार्टची यादी उघडायचो, एक काढायचो, एक घालायचो, बेरीज करायचो, बंद करायचो. लग्नाच्या याद्यासुद्धा एवढ्या वेळा होत नाहीत.

खरं सांगायचं तर त्या यादीमागं आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीतलं एक कॅफे होतं. कॉलेजच्या वेळचं, जिना चढून वर, चपला बाहेर काढायच्या, आत दहा मशीन आणि एक एसी जो फक्त मालकाच्या खुर्चीकडं तोंड करून. तासाला वीस रुपये, काउंटर-स्ट्राईक, पाच इकडं पाच तिकडं, आणि पलीकडच्या रांगेतला तुम्हाला मारून तुमच्याच तोंडाकडं बघून हसतोय. मॉनिटर ते जुने पोटवाले, चालू केले की ठुंग आवाज करून स्क्रीन थरथरायची. माऊसच्या पोटातला गोळा काढून नखानं मळ खरवडायचा, तो काळा पट्टा निघाला की काय समाधान. आणि लाईट गेली की दहाच्या दहा यूपीएस एकदम पीं पीं पीं करायला लागायचे, मालक "बंद करा रे, नीट बंद करा, खेळत बसू नका" म्हणून ओरडत यायचा आणि आम्ही शेवटची गोळी घालायच्या नादात बसलेलो. तेव्हा ठरवलेलं, आपला घेईन तर असला घेईन की कुणी बंद कर म्हणून सांगायला नको. छत्तिसाव्या वर्षी घेतला. यूपीएस मात्र घेतला नाही, कारण घरी इन्व्हर्टर होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी ठेवली नाही.

जोडायचा दिवस आठवला की अजून तळव्याला घाम येतो. जमिनीवर चादर, चादरीवर खोकी, शेजारी आईनं आणून ठेवलेली कांदाभजी, तिला हात लावायचा नाही कारण तेलकट बोटं. राईझन 5 5600 प्रोसेसरच्या पोटाला तेराशेच्या वर सोनेरी टाचण्या, त्यातली एक वाकडी झाली तरी हजारो रुपये गेले, त्यामुळं तो सॉकेटमध्ये ठेवताना मी श्वास धरला होता. ठेवायचा नुसता, दाबायचा नाही, आपण होऊन खाली बसतो. बसला. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी की तांदळाएवढी यावर लोकांची भांडणं चालतात, मी मधला मार्ग म्हणून हरभऱ्याएवढी घातली. रॅम दोन पट्ट्या, दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, कट् आवाज येईपर्यंत. मागच्या पत्र्यानं अंगठा कापला तो कापलाच, तो सगळ्यांचा कापतो. मग कॅबिनेटच्या पुढच्या बटणाच्या त्या दीड मिलिमीटरच्या वायरी, मोबाईलचा टॉर्च दातात धरून. चार तासांनी बटण दाबलं, पंखे फिरले, लाईटी लागल्या आणि स्क्रीनवर काही नाही. काळं. पाऊण तास घामाघूम होऊन सगळं काढलं, घातलं, आणि मग दिसलं की मॉनिटरची केबल मदरबोर्डात खोचलीय. या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नाही, केबल खाली कार्डातच घालावी लागते. घातली, चित्र आलं. मी एकटाच खोलीत टाळ्या वाजवल्या. आई डोकावून म्हणाली, "झालं का रं? भजी गार झाली."

मग महिन्याभरात हे सुरू झालं.

रोज नाही, हाच तर ताप. कधी सलग दोन दिवस, कधी आठवडाभर काही नाही. आणि गेम खेळतानाच. पिक्चर बघताना नाही, एक्सेल उघडून ऑफिसचं काम करताना नाही, नेमका व्हॅलोरंटच्या मॅचमध्ये, जिथं मधेच गायब झालं की दंड बसतो आणि सोबतची चार पोरं तुमच्या खानदानाची चौकशी करतात. आता गेममध्येच पडतो म्हटल्यावर कुणीही काय म्हणेल? कार्ड तापतंय, नाहीतर एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारी पेटी, दम टाकतोय. मीही तेच धरलं. तापमान बघितलं, कार्ड बहात्तर, प्रोसेसर सत्तरच्या आत, म्हणजे थंडच. रॅमची टेस्ट रात्रभर लावली, सकाळी उठून बघतोय तर एकही चूक नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी एकच ओळ, कर्नल-पॉवर 41. पहिल्यांदा बघून मला वाटलं सापडलं! मग वाचलं तर त्याचा अर्थ एवढाच की कंप्युटर नीट शटडाऊन न होता परत चालू झालाय. म्हणजे पंचनाम्यात लिहायचं, सदर इसम मयत झाल्यामुळे मयत झाला. वाह.

मी वहीसुद्धा केली होती. दोनशे पानी. कोणता गेम, कोणता मॅप, तापमान, पंख्याचा वेग, ड्रायव्हर कोणता, खिडकी उघडी का बंद. नंतर ती वही चाळली तेव्हा माझं मलाच हसायला आलं, कारण त्यात तारीख होती, गेम होता, एका ठिकाणी तर "जेवलो नव्हतो" असंही लिहिलं होतं, पण वाजले किती हे एकदाही लिहिलं नव्हतं.

राजारामपुरीतल्या दुकानात नेऊन दिला. दुकानातल्या पोरानं दोन दिवस ठेवला, टेस्ट लावली, तिसऱ्या दिवशी फोन, "भावा, हितं तर नादखुळा चालालाय, ने जा." घरी आणला, त्याच संध्याकाळी बंद. असलं झालं की माणसाला वस्तूचा नाही, स्वतःचा संशय यायला लागतो. शेवटी एका रविवारी मी सगळं एकदम केलं. नवा एसएमपीएस आणला, साडेपाच हजार गेले. कार्ड काढून परत बसवलं, रॅम काढून परत बसवली, पेस्ट पुसून नवी लावली, केबली बदलल्या, बायोस अपडेट केलं, विंडोज नवं टाकलं. आणि थांबलं! एक दिवस, दोन दिवस, आठवडा, अकरा दिवस. अकराव्या दिवशी मित्रांना मिसळ दिली, जाळ कट, एक्स्ट्रा पाव. खाताना एकानं विचारलं, "काय होतं मग शेवटी?" आणि मी पाव हातात धरून गप्प बसलो. काय होतं? सात गोष्टी एकदम केल्या, त्यातल्या कुठल्या गोष्टीनं गुण आला मला माहीत नव्हतं. गंमत अशी की त्या क्षणी मला आनंद कमी आणि फसवल्यासारखं जास्त वाटलं. बाराव्या दिवशी पीसी बंद पडला तेव्हा, खोटं कशाला सांगू, वैतागाच्या खाली कुठंतरी बरंही वाटलं.

त्या अकरा दिवसांचं कोडं मला आईच्या त्या वाक्यानंतर रात्री दोनला सुटलं. त्या अकरा दिवसांत आमच्या गल्लीतली मेन लाईन फुटली होती. नळाला पाणी नव्हतं, टँकर येत होता.

आमचं घर मंगळवार पेठेत, जुनं, दगडी तळ, वर लाकडी पाटणाचा मजला. खाली काका-काकू, वर आम्ही. पाण्याची मोटर एकच, अर्ध्या हॉर्सपॉवरची, खालच्या चौकात, आणि ती लावायची काकूनं. मोटर चालू असेल तेवढाच वेळ वरच्या नळाला पाणी चढतं. पूर्वी काकू जिन्यात येऊन हाक मारायची, "वैनीऽऽ, पाणीऽऽ!" की आई धावायची. मग गेल्या वर्षी आईनं एकदा नळ सोडून ठेवला आणि गिरणीत गेली. मोटर लागली, बादली भरली, वाहिली, मोरीचं तोंड कशानं तरी तुंबलेलं, आणि पाणी पाटणातनं झिरपत खाली काकूच्या नव्या गादीवर. पंधरा दिवस आधी घेतलेली गादी. त्यावरनं जे झालं ते झालं. पहिल्यांदा आवाज चढले, मग आवाज बंद झाले. काकूची हाक बंद झाली आणि आईचं नळ सोडून ठेवणंही बंद झालं. आता अशा घरात वर पाणी कधी आलं हे कळायचं कसं? मला हा प्रश्नच पडला नव्हता. मी ऑफिसातनं यायचो, चहा घ्यायचो, हेडफोन घालायचो. पिंप भरलेलं असायचं.

आई पाण्याच्या बाबतीत अशी का, तेही सांगायला पाहिजे. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगा शहरात शिरली तेव्हा आमच्या घरापर्यंत पाणी आलं नाही, पण उपसा केंद्रंच पुरात बुडाली आणि नळ कोरडे पडले. टीव्हीवर बघावं तर सगळीकडं पाणीच पाणी, आणि आम्ही घागरी घेऊन टँकरच्या रांगेत. 2021 च्या जुलैत परत पूर, परत तेच. तेव्हापासून आमच्या घरात रिकामं भांडं दिसलं की आईला चैन पडत नाही. 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं थेट पाइपलाइनचं पाणी शहरात आलं, फटाके वाजले, आईनं पेपर वाचला, घडी घातली आणि पिंप भरून ठेवलं.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला विचारलं, तुला हे माहीत होतं? मोटर लागली की माझा पीसी पडतोय हे? ती भाकरी थापत होती. "आता त्यात काय म्हाईत असायचं. मोटर लागली की बंद पडतंय." मग सांगितलं का नाहीस? "तू इचारलंस व्हय?" आणि मग पीठ झटकत म्हणाली, "पूर्वी मिक्सर लावला की टीव्हीवर मुंग्या येत न्हवत्या? मला वाटलं ह्याचंबी तसंच असतंय." साडेपाच हजाराचा एसएमपीएस माझ्या डोळ्यांसमोर आला.

मामाला फोन केला. मामाचं शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान, चाळीस वर्षं तेच काम. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथं जळक्या मोटरीतनं तांब्याच्या तारा उपसायला बसायचो, किलोवर खाऊला पैसे. व्हार्निशचा तो गोडसर, घशात बसणारा वास अजून कुठं आला की मला सुट्टी लागल्यासारखं वाटतं. मामा कुठलीही मोटर आली की आधी उघडत नाही. चालू करून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेरिंगवर ठेवतो आणि मूठ कानाला लावतो, डोळे मिटून, डॉक्टरसारखा. मग काय ते सांगतो. त्याला पीसीतलं ओ की ठो कळत नाही, पण मी सगळं सांगितल्यावर पहिला प्रश्न त्यानं असा विचारला, जो ना दुकानातल्या पोरानं विचारला होता, ना मी स्वतःला. "तो डबा कुठल्या लायनीवर हाय? इन्व्हर्टरच्या?"

होय. इन्व्हर्टरच्या.

रविवारी मामा पिशवीत वायरीतला करंट मोजायचा टाँग टेस्टर घेऊन आला. चहा झाला, दीदीची चौकशी झाली, मग उठला. अडचण अशी की मोटर चालू कर म्हणून काकूला सांगायचं कुणी? आई म्हणाली, "तू जा." मी खाली गेलो. काकू लसूण सोलत होती. मी जरा चाचरतच म्हटलं, काकू, पाच मिनिटं मोटर लावून बघायचीय, वर माझा कंप्युटर... ती लगेच उठली, "लावतो की, त्यात काय." (पुण्याच्या मंडळींनी दचकू नये, आमच्याकडं बायका 'लावतो'च म्हणतात.) मामानं टाँग टेस्टरची चिमटी वायरीभोवती धरली. काकूनं बटण दाबलं. मोटर घुर्र करून उठली, आकडा उडी मारून अठराच्या वर गेला आणि क्षणात खाली येऊन साडेतीनवर बसला. "बघितलास? उभी राहताना खाती, मग गप पळती," मामा म्हणाला. बंद मोटर पहिल्यांदा फिरवताना तिला नेहमीच्या पाच-सहा पट करंट लागतो, एवढाच वेळ, डोळ्याची पापणी लवेपर्यंत. पण तेवढ्यात आमच्या जुन्या वायरिंगवर व्होल्टेज धाडकन खाली येतं. आणि पाणी आलं की मोटर आमची एकट्याचीच लागत नाही, अख्ख्या गल्लीची लागते, त्यामुळं व्होल्टेज आधीच दमलेलं असतं. मी भिंतीवरच्या बोर्डात खोचायचा एक छोटा डिजिटल व्होल्टमीटर आणला होता, तो वर दाखवत होता, 207, मग 168, मग 201.

पण मग आणखी एक पेच. माझ्या एसएमपीएसवर तर छापलंय 100 ते 240 व्होल्ट. 168 ला त्यानं पडायचं कारणच नाही. इथं मी आणि मामा दोघंही जिन्यात बसलो. मग मी मोबाईलवर इन्व्हर्टरची माहितीपुस्तिका उघडली आणि हळूहळू उलगडत गेलं. इन्व्हर्टरच्या मागं एक बारकं बटण असतं, एका बाजूला यूपीएस, एका बाजूला इको. बसवणाऱ्यानं "कंप्युटर आहे ना, मग यूपीएसवरच ठेवा" म्हणून ठेवलेलं, आणि सल्ला तसा चुकीचा नव्हता. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर फार सोवळा असतो, व्होल्टेज 180 च्या खाली गेलं की त्याला बाहेरची लाईट चालत नाही, लगेच बॅटरीवर उडी मारतो. त्या उडीत काही मिलिसेकंद मधे काहीच नसतं, ना बाहेरची लाईट ना बॅटरीची. आता एसएमपीएसच्या पोटात एक मोठा कपॅसिटर असतो, तो म्हणजे आमच्या आईचं पिंपच म्हणा. नळ गेला की त्यातलं प्यायचं. एटीएक्स नावाचं जे स्टँडर्ड आहे त्यात पूर्ण लोडवर हे पिंप साधारण 16-17 मिलिसेकंद पुरावं असं धरलंय, पण प्रत्येक मशीनचं तेवढं भरतंच असं नाही. पिक्चर बघताना पीसी थेंब थेंब पितो, पिंप पुरतं. गेममध्ये एकशे सत्तर वॅटचं कार्ड आणि प्रोसेसर मिळून घटाघटा पितात, पिंप खडखडाट, फट्कन काळं. म्हणून गेममध्येच. म्हणून एसएमपीएस बदलूनही तेच. म्हणून राजारामपुरीत नाही, तिथं ना आमचा इन्व्हर्टर ना काकूची मोटर. आणि इन्व्हर्टर उडी मारताना टक् करून वाजतो, पण माझ्या कानावर हेडफोन.

म्हणजे बाहेरून येणारी लाईट माझ्या पीसीला चालत होती. तिला नको म्हणत होता तो मधला.

मामानं तेवढ्यात खालच्या मीटरच्या फळीवरचा किटकॅट फ्यूज काढून बघितला आणि म्हणाला, न्यूट्रलचा स्क्रू ढिला हाय, आवळतो. मी जवळजवळ ओरडलोच, "मामा, थांब! आत्ता नको." तो बघायला लागला. म्हटलं आधी फक्त ते बटण इकोवर करूया, बाकी कशाला हात लावायचा नाही, मोटर लावूया, बघूया. मग स्क्रू. एका वेळी एकच. मामा हसला, फ्यूज परत बसवला. "चाळीस वर्षं हेच सांगतोय पोरास्नी दुकानात," म्हणाला, "कोण ऐकतंय." मी गेम लावला, आतल्या आत, सरावाचा, पण सगळ्या सेटिंग वर करून. बटण इको. काकूनं मोटर लावली. 168. पंख्यांचा आवाजसुद्धा बदलला नाही. परत बटण यूपीएस. परत मोटर. काळं. परत इको. चालू. असं आम्ही सहा वेळा केलं, काकू खालून दर वेळी विचारत होती, "लावू?" आणि सातव्यांदा "अरं जळंल ती!" म्हणाली तेव्हा थांबलो. स्क्रू त्यानंतर आवळला. मग आकडा 168 वर न जाता 179 पर्यंतच जायला लागला. अकरा व्होल्ट नुसत्या एका ढिल्या स्क्रूत.

इको मोडमध्ये एक तोटा आहे, खरंच लाईट गेली तर पीसी बंद पडणार, कारण इन्व्हर्टर आता सावकाश उडी मारतो. पडू दे. ते निदान कळतं तरी का पडला. यूपीएस पुढच्या पगाराला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पीसी दोन आठवडे एकदाही पडला नाही, आणि या वेळी कुणी विचारलं असतं काय होतं तर मी पाव खाली ठेवून अर्धा तास सांगितलं असतं. पण पहिल्याच आठवड्यात बुधवारी आईचं पाणी चुकलं. ती वाट बघत बसली आणि मोटर लागून बंदही झाली. शुक्रवारी परत. शनिवारी सकाळी ती रिकाम्या पिंपात तांब्या आपटत म्हणाली, "नीट केलंस म्हणं." मी तो व्होल्टमीटर स्वयंपाकघरात लावून दिला, सांगितलं आकडा एकशेऐंशीवर आला की समज पाणी आलं. तिनं त्याच्यावर फडकं वाळत घातलं. आकडं कोण बघत बसतंय, म्हणाली.

आणि परवा जिन्यात काकू भेटली. हातात दूध, मी ऑफिसातनं येत होतो. ती आधी पुढं गेली, मग दोन पायऱ्या परत आली, वर आमच्या दाराकडं एकदा बघितलं आणि आवाज बारीक करून म्हणाली, "हल्ली वराडत न्हाईस रं तू? वर पाणी भरत्यात का न्हाई?"

मला एकदम काही सुचलं नाही. हो हो, भरतात की, असं कायतरी म्हणून वर आलो. चपला काढता काढता डोक्यात आलं की गेले आठ महिने ती खाली मोटर लावून माझ्या ओरडण्याची वाट बघत असणार. मी ओरडलो की तिला कळायचं, वर पोचलं.

काल आठच्या सुमाराला मी मॅचमध्ये होतो. हेडफोन आता एकाच कानावर घालतो. खाली घुर्र झालं, स्वयंपाकघर शांत होतं, आई आत पोथी वाचत असावी. माझी चांगली चालली होती, आमचे पाच जिवंत, त्यांचे दोन. मी मायक्रोफोन बंद केला आणि पोटातनं ओरडलो, जुना शब्द, जसाच्या तसा.

बादली सरकली. नळ सुटला. आतून आई म्हणाली, "पडला व्हय रं परत बंद?"

"व्हय," म्हटलं, आणि उरलेले दोघं शोधायला लागलो.